बाह्यफलक मुद्रणातील प्रतिमा-विभेदन

उघड्यावर लावावयाच्या मोठ्या फलकांचे मुद्रण करताना मूळ प्रतिमेत दर एकक लांबीस किती तपशील असला पाहिजे हे ठरविणे, म्हणजे त्या मुद्रणासाठी प्रतिमा-विभेदनाची निवड करणे होय. रस्त्यालगतची होर्डिंगे, चौकातील फ्लेक्स, बसगाड्यांवर चिकटविलेली चित्रे, बांधकामाधीन इमारतींवरील आच्छादने, रुग्णालये व देवस्थाने यांच्या आवारांतील नकाशाफलक वगैरे सर्व प्रकारांत हा प्रश्न उद्‌भवतो. संगणकीय प्रतिमा ही अतिशय लहान, एकरंगी चौकोनांची जाळी असते. या चौकोनांना पिक्सेल म्हणतात. कागदावर अथवा फ्लेक्सवर दर इंचात असे किती पिक्सेल येतील, ही संख्या विभेदनाचे माप मानतात. मुद्रणव्यवसायात मेट्रिक पद्धती पूर्णपणे रुळलेली नसल्यामुळे हे माप इंचातच सांगण्याचा प्रघात आहे व प्रस्तुत नोंदीतही तोच पाळला आहे.

सर्वसाधारण समजूत अशी आढळते की, विभेदन जितके अधिक तितके मुद्रण चांगले आणि दर इंचास ३०० पिक्सेल ही चांगल्या मुद्रणाची किमान पातळी होय. पुस्तक, मासिक किंवा लग्नपत्रिका यांपुरती ती बरोबर आहे. बाह्यफलकांना मात्र ती जशीच्या तशी लागू पडत नाही आणि तिच्या आग्रहामुळे वेळ, संगणकाची स्मृती व पैसा यांचा अपव्यय होतो. याउलट, ‘फलक लांबूनच पाहायचा आहे’ या सबबीखाली कोणतीही निकृष्ट प्रतिमा खपवून घेण्याची प्रवृत्तीही तितकीच घातक आहे. या दोन्ही चुकांचे मूळ एकच : फलक कोण, कोठून पाहणार आहे याचा विचार न करता संख्या निवडणे.

३०० या संख्येचा उगम : छायाचित्रातील फिक्या-गडद छटा शाईच्या ठिपक्यांच्या आकाराद्वारे दाखविण्याच्या पद्धतीस हाफटोन म्हणतात. गुळगुळीत कागदावरील मासिकाच्या छपाईत ठिपक्यांच्या सु. १५० ओळी एका इंचात असतात, तर वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदावर त्या सु. ८५ असतात. ठिपक्यांच्या प्रत्येक ओळीमागे प्रतिमेत दोन पिक्सेल असावेत, या संकेतानुसार मासिकासाठी ३०० व वर्तमानपत्रासाठी १७० अशा संख्या मिळतात. म्हणजे ३०० ही प्रतिमेची अंगभूत गुणवत्ता नसून विशिष्ट कागद, विशिष्ट जाळी आणि हाताच्या अंतरावरून वाचणारा वाचक यांच्यापुरती निघालेली संख्या आहे. वर्तमानपत्राला ती कधीच लागली नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दृष्टीची मर्यादा : निरोगी डोळ्याला दोन बिंदू अलग दिसण्यासाठी त्यांच्यातील अंतराने डोळ्याशी सु. एक मिनिटाचा (अंशाचा साठावा भाग) कोन करावा लागतो. डच नेत्रवैद्य हेर्मान स्नेलेन यांनी १८६२ मध्ये प्रसिद्ध केलेला दृष्टिपरीक्षेचा तक्ता याच मापावर आधारलेला आहे. त्यातील ज्या ओळीचे अक्षर विहित अंतरावरून पाच मिनिटांचा व त्याची रेघ एक मिनिटाचा कोन करते, ती वाचता येणे ही सामान्य दृष्टीची खूण मानतात. एक मिनिटाचा कोन १ मी. अंतरावर ०·२९ मिमी. रुंदी व्यापतो, १० मी.वर २·९ मिमी. आणि ३० मी.वर ८·७ मिमी. पिक्सेल याहून लहान असेल, तर तो वेगळा दिसत नाही. तो आणखी बारीक करून डोळ्याला काहीही अधिक मिळत नाही.

यावरून एक सोपे सूत्र निघते. ८७ या संख्येस मीटरमधील अंतराने भागले की, त्या अंतरावरून डोळ्याला जाणवू शकणारे कमाल विभेदन दर इंचास पिक्सेलमध्ये मिळते. पाव मीटरवर धरलेल्या पुस्तकासाठी ते सु. ३५० येते. बसथांब्यावरील १ मी. अंतरावरच्या फलकासाठी ८७, चौकात ३ मी.वरून दिसणाऱ्या फ्लेक्ससाठी २९, रस्त्यापलीकडे १० मी.वरील फलकासाठी ९ आणि द्रुतगती महामार्गावर ३० मी.वरून दिसणाऱ्या होर्डिंगसाठी अवघे ३. प्रत्यक्षात या संख्येच्या दोन ते चार पट विभेदन ठेवणे शहाणपणाचे ठरते. त्याची कारणे पुढे अक्षरांच्या विवेचनात आली आहेत.

संगणकाच्या युगापूर्वीही हे तत्त्व कारागिरांना अनुभवाने ठाऊक होते. मुंबईत चित्रपटांचे प्रचंड फलक हाताने रंगविले जात, तेव्हा रंगारी लहानशा छायाचित्रावर चौकटी आखून त्याच चौकटी मोठ्या प्रमाणात फलकावर उतरवीत आणि रुंद कुंचल्याने रंगाचे फटकारे मारीत. परांचीवर उभे राहून पाहिले असता नायिकेचा गाल म्हणजे गुलाबी, पिवळ्या व निळसर पट्ट्यांची गर्दी दिसे. खाली रस्त्यावरून मात्र तोच गाल नितळ वाटे. मकबूल फिदा हुसेन यांनी उमेदीच्या काळात असे फलक रंगविले होते. इ. स. २००० नंतरच्या दशकात फ्लेक्स-मुद्रणाने हा व्यवसाय जवळजवळ संपुष्टात आणला. त्याबरोबर ‘खाली उतरून, लांब जाऊन पाहून येण्याची’ त्या रंगाऱ्यांची सवयही गेली, हे नुकसान लहान नाही.

छायाचित्रणातील एक प्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल टर्मिनल या रेल्वेस्थानकातील आहे. ईस्टमन कोडॅक कंपनीने तेथे १९५० ते १९९० या काळात ‘कलरामा’ या नावाने १८ फूट उंच व ६० फूट लांब पारदर्शक छायाचित्रे मागून प्रकाश टाकून मांडली. ती पट्ट्यापट्ट्यांनी तयार करून जोडीत. त्यांसाठी आरंभी मोठ्या आकाराच्या फिल्मवर छायाचित्रे घेत. पुढे ३५ मिमी. फिल्मवरून विवर्धित केलेली छायाचित्रेही तेथे झळकली. प्रशस्त दालनात उभ्या असलेल्या प्रवाशाचे अंतर बरेच असल्यामुळे हे चालून गेले.

पिक्सेल व शाईचे थेंब : व्यवहारातील पुष्कळसा घोटाळा पिक्सेल आणि शाईचा थेंब यांना एकच समजण्यातून होतो. मुद्रणयंत्राच्या माहितीपत्रकात दर इंचास ७२० किंवा १,४४० असा जो आकडा असतो, तो थेंबांच्या स्थानांचा असतो, प्रतिमेतील पिक्सेलांचा नव्हे. साध्या यंत्रात थेंब पडतो किंवा पडत नाही, अर्धा पडत नाही. मधल्या छटा दाखविण्यासाठी अनेक थेंबांचा समूह लागतो. समजा, ८ × ८ स्थानांचा एक समूह धरला, तर कोऱ्यापासून पूर्ण भरलेल्यापर्यंत ६५ छटा मिळतात, पण ७२० थेंबांच्या यंत्रावर असे समूह एका इंचात फक्त ९० बसतात. रॉबर्ट फ्लॉइड व लुईस स्टाइनबर्ग यांनी १९७६ मध्ये मांडलेली त्रुटिप्रसारणाची रीत व तिच्या पुढील सुधारणा यांमुळे हे समूह काटेकोर चौकटींत बांधावे लागत नाहीत व तपशील थोडा अधिक टिकतो. तरीही, ७२० थेंबांच्या यंत्रासाठी ७२० पिक्सेलांची प्रतिमा द्यावी, हा सल्ला चुकीचाच आहे.

होर्डिंगसाठीच्या यंत्रांत थेंब मुद्दाम मोठे ठेवतात, कारण मोठ्या थेंबाने पृष्ठभाग लवकर भरतो व ऊन-पावसात शाईचा थर अधिक टिकतो. ४२ पिकोलिटर आकारमानाच्या थेंबाचा व्यास हवेत सु. ४३ मायक्रॉन असतो. फ्लेक्सवर आदळून पसरल्यावर तो बराच वाढतो. दुकानातील आतल्या फलकांसाठी वापरावयाच्या यंत्रांत थेंब याच्या दहाव्या भागाइतकेही लहान असतात. यंत्राचे डोके एकाच पट्ट्यावरून जितक्या अधिक वेळा फिरवावे तितके आडवे पट्टे कमी दिसतात, पण तितका वेगही घटतो. ग्राहकाने ‘जास्त डीपीआय’ मागितल्यावर मुद्रक बहुधा हीच फेऱ्यांची संख्या वाढवितो. मूळ प्रतिमा त्यामुळे रतिमात्र सुधारत नाही.

आकाराचे गणित : भारतात रूढ असलेला ४० × २० फुटांचा फलक घेऊ. दर इंचास ३०० पिक्सेल ठेवल्यास लांबीत १,४४,००० व उंचीत ७२,०००, म्हणजे एकूण सु. १,०३७ कोटी पिक्सेल होतात. चार शाईंसाठी प्रत्येकी एक बाइट धरल्यास ही प्रतिमा सु. ४१ गिगाबाइट जागा व्यापते. तोच फलक दर इंचास ३० पिक्सेलांनी केला, तर सु. १०·४ कोटी पिक्सेल व सु. ४१५ मेगाबाइट पुरतात. विभेदन दशमांश झाले की भार शतांश होतो. ६,००० × ४,००० पिक्सेलांच्या सर्वसामान्य कॅमेऱ्याने घेतलेले छायाचित्र या फलकाच्या पूर्ण लांबीवर पसरल्यास दर इंचास १२·५ पिक्सेल मिळतात. ३० मी.वरील प्रेक्षकाच्या डोळ्याची कमाल गरज ३ असल्यामुळे ते चौपट पुरेसे आहे.

बहुतेक चित्रकार संगणकावर असा फलक एकदशांश प्रमाणात, म्हणजे ४८ × २४ इंचांचा आखतात व त्याचे विभेदन ३०० ठेवतात. पूर्ण आकारात ते आपोआप ३० होते. हे प्रमाण धारिकेच्या नावातच स्पष्ट लिहिलेले नसले, तर ‘तुम्ही ३०० सांगितले होते’ आणि ‘ही तर ३०चीच आहे’ असा वाद उभा राहतो. या वादात बहुधा दोन्ही पक्ष खरे बोलत असतात.

अंतर कोणाचे धरावे : अंतर धरावयाचे ते सर्वांत जवळच्या नित्याच्या प्रेक्षकाचे. माहीम–वांद्रे रस्त्यावरील उंच होर्डिंगाजवळ पादचारी पोहोचूच शकत नाही. तेथे वाहनातील प्रेक्षकाचा विचार पुरतो. पण तेच चित्र लहान करून स्थानकाच्या पादचारी पुलाच्या कठड्यावर लावले, तर शेकडो लोक त्याला जवळजवळ खेटून जातात. एकाच जाहिरातीच्या दोन ठिकाणच्या प्रतींना दोन वेगळी विभेदने लागतात, ही गोष्ट जाहिरात देणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

गावोगावच्या चौकांत लागणारे वाढदिवसाचे व श्रद्धांजलीचे फ्लेक्स हे याचे नेहमीचे उदाहरण. भ्रमणध्वनीवरील संदेशसेवेतून पाठविलेले छायाचित्र वाटेत आक्रसते व पुष्कळदा त्याची लांबी १,६०० पिक्सेलांच्या आसपास उरते. १० फूट रुंदीवर पसरल्यास ते दर इंचास १३ पिक्सेल इतके होते. चौकात २ मी.वर उभ्या असलेल्या माणसाचा डोळा ४४ पर्यंत भेद करू शकतो. साहजिकच चेहरा पुसट दिसतो. यंत्राला किंवा मुद्रकाला दोष देऊन यात फरक पडत नाही. मूळ छायाचित्र न आक्रसता मागवून घेणे हाच उपाय आहे.

अधिक गंभीर प्रकार सूचनाफलकांचा. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील एका रुग्णालयाच्या दारापाशी ८ × ४ फुटांचा नकाशाफलक लावला होता. विभागांची नावे चित्राचाच भाग होती व संपूर्ण चित्र १,२०० पिक्सेल रुंदीचे, म्हणजे दर इंचास १२·५ इतके होते. फलकापासून दीड मीटरवर उभ्या राहणाऱ्या माणसासाठी सु. ५८ हवे होते. मोठ्या अक्षरांतील रुग्णालयाचे नाव उत्तम वाचता येई. ‘क्ष-किरण’, ‘रक्तपेढी’ व ‘प्रसूती’ ही बारीक नावे मात्र करड्या डागांसारखी दिसत. रुग्णाचे नातेवाईक फलकासमोर क्षणभर थांबत आणि पहारेकऱ्याकडे वळत.

अक्षरे : छायाचित्रापेक्षा अक्षरांना अधिक विभेदन लागते. दोन बिंदू अलग पाहण्याची मर्यादा एक मिनिट असली, तरी एखादी रेषा मध्येच किंचित सरकली असल्याचे डोळ्याला त्याच्या कितीतरी लहान, म्हणजे सु. ५ ते १० सेकंद (मिनिटाचा साठावा भाग म्हणजे सेकंद) कोनातही कळते. याला व्हर्नियर तीक्ष्णता म्हणतात. त्यामुळे पिक्सेल स्वतंत्र दिसत नसतानाही तिरप्या वा वळणदार कडेवरील पायऱ्या जाणवतात. व्यवहारात सूत्राहून दोन ते चार पट विभेदन ठेवण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. अक्षरे, बोधचिन्हे व नकाशाच्या रेषा पिक्सेलांत न रूपांतरित करता गणिती वक्रांच्या रूपात, म्हणजे ज्याला व्यवहारात व्हेक्टर म्हणतात त्या रूपात दिल्यास मात्र प्रश्नच उरत नाही. अशा आकृतीला स्वतःचे विभेदन नसते. मुद्रणयंत्र आपल्या पूर्ण क्षमतेने तिची कड काढते. वर सांगितलेल्या नकाशाफलकाला एवढाच बदल पुरला असता.

देवनागरीत याची गरज विशेष आहे. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतील भेद एका गाठीत व शिरोरेषेतील लहानशा फटीत साठविलेला असतो. ‘ब’ आणि ‘व’ यांत तो एका तिरप्या रेघेचा असतो. ‘रवा’ आणि ‘खा’ यांचा घोळ तर सर्वपरिचित आहे. शिवाय शिरोरेषेवर मात्रा व अनुस्वार आणि खाली उकार येत असल्यामुळे ओळीची उंची तीन मजल्यांत वाटली जाते. रोमन मोठ्या अक्षरांवर बसविलेली उंचीची कोष्टके म्हणूनच मराठी फलकास अपुरी पडतात. स्नेलेनच्या मापाने १०० मी.वरून जेमतेम वाचण्याजोगे अक्षर १४·५ सेंमी. उंचीचे असते. प्रस्तुत लेखकाच्या मते देवनागरी अक्षराचा मधला भागच त्याच्या तिप्पट, म्हणजे सु. ४५ सेंमी. असावा. ताशी ६० किमी. वेगाने जाणारे वाहन १०० मी. अंतर सहा सेकंदांत कापते, त्यामुळे शब्दही मोजकेच असले पाहिजेत.

मजकूर वाचता येत नाही म्हणून फलकच मोठा करणे हा यावरचा मार्ग नव्हे. मुंबईत घाटकोपर येथे १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात कोसळून १७ व्यक्तींचा बळी घेणारा फलक महापालिकेच्या ४० × ४० फुटांच्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडचा होता. फलकावरील वाऱ्याचा भार क्षेत्रफळाबरोबर वाढतो. वाचनीयता मात्र अक्षराची जाडी, शब्दांची संख्या आणि अक्षर व पार्श्वभूमी यांच्या रंगांतील फरक यांवर अवलंबून असते.

मूळ प्रतिमेतील दोष : पिक्सेलांची संख्या पुरेशी असूनही प्रतिमा वाईट असू शकते. १९९२ मध्ये प्रमाणित झालेल्या जेपेग पद्धतीत प्रतिमा ८ × ८ पिक्सेलांच्या चौकटींत विभागून तिचा संक्षेप करतात. संक्षेप जास्त झाला, तर या चौकटी दिसू लागतात. दर इंचास १२ पिक्सेल असलेल्या फलकावर एक पिक्सेल २·१ मिमी.चा असतो व १० मी.वरून तो दिसत नाही, पण एक चौकट १·७ सेंमी.ची होते आणि ती तितक्या अंतरावरून सु. सहा मिनिटांचा कोन करते. म्हणजे पिक्सेल न दिसता त्यांची चौकट मात्र फरशीसारखी दिसते. जुन्या वर्तमानपत्रातील छायाचित्र यांत्रिक डोळ्याने टिपून मोठे केले, तर हाफटोनचे ठिपके व पिक्सेलांची जाळी एकमेकींवर येऊन लाटांसारखी नक्षी उमटते. ती काढण्यासाठी प्रतिमा आधी किंचित मऊ करावी लागते व तपशील गमवावा लागतो.

कमी पिक्सेलांच्या प्रतिमेत अंतर्वेशनाने नवे पिक्सेल भरता येतात, पण ते शेजारच्यांची सरासरी असतात. पायऱ्या मऊ होतात, नवी माहिती येत नाही. अलीकडे प्रचारात आलेल्या, लाखो चित्रांवरून शिकलेल्या संगणकप्रणाली त्वचा, केस, पाने असे तपशील स्वतः रचून भरतात. निसर्गदृश्यासाठी ते चालू शकते. व्यक्तिचित्रात, विशेषतः दिवंगत व्यक्तीच्या एकुलत्या एका जुन्या छायाचित्रात, ओठांची वा डोळ्यांची ठेवण बदलून चेहराच परका होण्याचा संभव असतो. तेथे पुसट पण खरा चेहरा लहान आकारात छापणे अधिक योग्य होय.

पृष्ठभागाचा परिणाम : फ्लेक्स म्हणजे पॉलिएस्टरच्या विणीवर पीव्हीसीचा थर दिलेले कापड. त्यावर शाई बऱ्यापैकी जागेवर राहते. सुती कापडावर ती धाग्यांतून पसरते, म्हणून तेथे अतिबारीक तपशील देण्यात अर्थ नसतो. वाऱ्यासाठी छिद्रे ठेवलेले जाळीचे कापड व बसच्या खिडक्यांवर लावावयाचा सच्छिद्र विनाइल यांत तर पृष्ठभागच विभेदनाची मर्यादा ठरवितो. अशा विनाइलमध्ये सु. १·५ मिमी. व्यासाची छिद्रे दाटीने असतात. त्यांहून बारीक रेघ छिद्रांत हरवते.

मुद्रित फलकांची जागा काही ठिकाणी घेत असलेल्या एलईडी फलकांवर पिक्सेल प्रत्यक्ष मोजता येतात. १० मिमी. अंतरावर दिवे असलेला ४० × २० फुटांचा फलक म्हणजे केवळ सु. १,२२० × ६१० पिक्सेलांचे, दर इंचास अडीच पिक्सेल विभेदनाचे चित्र होय. हे दिवे अलग दिसणे ३४ मी.च्या पुढे थांबते. रस्त्यापलीकडचा प्रेक्षक त्यावरील चेहरे सहज ओळखतो. जवळ, फलकाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्यास मात्र रंगीत दिव्यांच्या रांगांपलीकडे काही उमगत नाही.